पत्ता : क्रोमोसोम नंबर सहा

प्रतिकारशक्तीची जनुकं कोणत्या गुणसूत्रावर बसतात, हा परीक्षेतला एका मार्काचा प्रश्न वाटतो. पण याच पत्त्यावरून एखाद्या पेशंटला डोनर मिळणार की नाही, हे ठरतं. आणि तो डोनर तुम्हीही असू शकता.

एक साधा प्रश्न. समजा, तुमच्या सख्ख्या बहिणीला उद्या बोन मॅरो ट्रान्सप्लान्टची गरज पडली. तुमचा मॅरो तिला पूर्ण मॅच होण्याची शक्यता किती?

'शंभर टक्के, सख्खी बहीण आहे ना!' असं मनात आलं असेल, तर थांबा. उत्तर आहे चारात एक. म्हणजे २५ टक्के. बरं, आईचा किंवा बाबांचा मॅरो? तो बहुतेक वेळा अर्धाच जुळतो. आणि ज्याला तुम्ही जन्मात कधी पाहिलेलं नाही, अशा कुठल्यातरी गावातल्या मुलाचा मात्र पूर्ण जुळू शकतो.

नात्यागोत्याचं गणित असं उलटंपालटं करणारा हा हिशोब होतो तुमच्या सहाव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर. आज त्या पत्त्याची गोष्ट. तो सापडला कसा, तिथे राहतं कोण आणि पत्त्यात गडबड झाली की काय होतं, हे एकदा कळलं की वरचं गणित तुम्ही वहीच्या मागच्या पानावर स्वतःच सोडवाल.

पाटी नसलेल्या गल्ल्या

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. या २३ जोड्यांवर प्रथिनं बनवण्याची कृती सांगणारी सुमारे २० हजार जनुकं पसरलेली आहेत. हे तुम्ही बारावीला पाठ केलंय. पण गंमत बघा, माणसाच्या पेशीत गुणसूत्रं एकूण ४६ असतात हेसुद्धा १९५६ सालापर्यंत कुणाला नक्की माहीत नव्हतं. त्याआधी तीसेक वर्षं पुस्तकांत आकडा छापला जात होता ४८. स्वीडनमध्ये जो हिन त्जियो आणि आल्बर्ट लेवान या दोघांनी पेशी नीट पसरवून मोजल्या, तेव्हा तो दुरुस्त झाला.

म्हणजे शहरात गल्ल्या किती, हेच आधी चुकीचं माहीत होतं. मग कुठल्या गल्लीत कोण राहतं, हे कुठून कळणार? एक्स गुणसूत्राचं त्यातल्या त्यात बरं होतं. एखादा आजार घराण्यातल्या मुलग्यांनाच होतोय आणि मुली नुसत्याच वाहक आहेत असं दिसलं, की जनुक एक्सवर आहे असा अंदाज बांधता यायचा. रंगांधत्वाच्या बाबतीत हे १९११ सालीच कळलं होतं. पण बाकीच्या २२ जोड्यांचं काय? तिथे मुलगा-मुलगी हा फरक उपयोगाचा नाही. पहिला पत्ता सापडायला १९६८ उजाडावं लागलं. आणि तो शोधला एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने, स्वतःच्या रक्तातून.

स्वतःच सॅम्पल झालेला विद्यार्थी

त्याचं नाव रॉजर डोनाह्यू. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तो संशोधन करत होता. गुणसूत्रं मायक्रोस्कोपखाली बघायचं तंत्र शिकताना त्याने स्वतःच्याच पेशी घेतल्या. एक नंबरच्या जोडीत त्याला काहीतरी वेगळं दिसलं. जोडीतलं एक गुणसूत्र एका ठिकाणी सैल पडलेलं, त्यामुळे थोडं लांब दिसणारं.

तुम्ही-आम्ही असतो तर 'स्लाइड बिघडली' म्हणून सोडून दिलं असतं. डोनाह्यूने नातेवाइकांचं रक्त गोळा केलं. घराण्यात हे लांबडं गुणसूत्र कुणाकुणाकडे गेलंय, याचा तक्ता मांडला. मग त्याच लोकांच्या रक्तगटांचा तक्ता शेजारी ठेवला. ए, बी, ओ हे आपल्या ओळखीचे. पण रक्तगट तेवढेच नसतात, त्यांचे आणखी बरेच प्रकार आहेत. त्यातला 'डफी' नावाचा गट या लांबड्या गुणसूत्राच्या पाठोपाठ पिढ्यान् पिढ्या चालत आलेला दिसला. जिथे ते गुणसूत्र, तिथे तो गट. अर्थ स्पष्ट होता. डफीचं जनुक एक नंबरच्या गुणसूत्रावर आहे. एक्स-वाय सोडून इतर गुणसूत्रावरचा माणसाचा हा पहिला पत्ता.

तेव्हा डफी म्हणजे नुसता रक्तगट, एवढंच माहीत होतं. सत्तरच्या दशकात कळलं की, व्हायव्हॅक्स मलेरियाचा परजीवी लाल पेशीत शिरताना हाच डफीचा दरवाजा वापरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या लाल पेशींवर हा दरवाजाच नसतो, म्हणून त्यांना तो मलेरिया सहसा होत नाही. नव्वदच्या दशकात आणखी एक गोष्ट उघड झाली. पांढऱ्या पेशींना 'इकडे या, इथे गडबड आहे' असा निरोप देणारी केमोकाइन नावाची जी रसायनं असतात, ती पकडण्याचं काम डफीचं प्रथिन करतं. म्हणजे पहिल्याच फटक्यात सापडलेला पत्ता निघाला प्रतिकार यंत्रणेतल्या एका गड्याचा.

उंदीर अधिक माणूस

प्रत्येक घराण्यात असं सोयीचं लांबडं गुणसूत्र मिळत नाही. मग पुढचे पत्ते कसे शोधले? इथे एक जुगाड कामी आला. १९६७ साली मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं की, माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र जोडून संकरित पेशी वाढवता येते. अशी पेशी वाढताना उंदराची गुणसूत्रं टिकवते आणि माणसाची एकेक करून टाकून देते. कोणती जातील याचा नेम नाही. त्यामुळे वेगवेगळ्या बाटल्यांत वाढवलेल्या पेशींमध्ये माणसाची वेगवेगळी गुणसूत्रं शिल्लक राहतात.

आता फक्त हजेरी घ्यायची. अमुक एक मानवी प्रथिन कुठल्या बाटल्यांमध्ये सापडतं? आणि त्या सगळ्या बाटल्यांमध्ये कोणतं गुणसूत्र कॉमन आहे? हॉस्टेलमध्ये रोज रात्री कुणीतरी गाणी लावतं. अमुक एक जण गावी गेला की गाणी बंद, आला की चालू. मग स्पीकर कुणाच्या खोलीत आहे, हे सांगायला वॉर्डन लागत नाही. तेच लॉजिक.

ही हजेरी आणि घराण्यांचे तक्ते यांच्या जोरावर सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला प्रतिकार यंत्रणेचे मोठे पत्ते लागले. सफरचंदाच्या फोडीसारखा एका जागी कापून दाखवता येईल असा प्रतिकार यंत्रणेचा काही एक अवयव नसतो, तशी तिची जनुकंही एका ठिकाणी नाहीत. अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंडं बनवणारी जनुकं तीन ठिकाणी निघाली. रेणूची जड साखळी १४ नंबरवर, हलक्या साखळीचे दोन प्रकार २ आणि २२ नंबरवर. विषाणू ओळखणाऱ्या टी पेशींचे 'हात' १४ आणि ७ नंबरवर. आणि अवयव जुळणार की नाही हे ठरवणारी जनुकं ६ नंबरवर.

कापाकापी करणारा पत्ता

१४ नंबरच्या पत्त्यावर एक अजब प्रकार चालतो. जगात जंतू असंख्य, आपली जनुकं मात्र २० हजार. तरी जवळपास कुठल्याही नव्या जंतूला चिकटणारी अँटिबॉडी शरीर बनवू शकतं, ते कसं? जपानी शास्त्रज्ञ सुसुमू टोनेगावा यांनी १९७६ साली याचं उत्तर प्रयोगाने दाखवलं आणि १९८७ साली त्यांना नोबेल मिळालं. बी पेशी तयार होताना स्वतःचा डीएनए खरोखर कापते आणि नव्याने जोडते. जड साखळीसाठी एका रांगेत चाळीसच्या आसपास तुकडे असतात, दुसऱ्या रांगेत २३, तिसऱ्या रांगेत ६. प्रत्येक रांगेतला एक उचलायचा आणि शिवायचा. नुसता गुणाकार केलात तरी साडेपाच हजार जोड्या होतात. शिवणीच्या जागी मुद्दाम थोडी अक्षरं कमी-जास्त होतात, शिवाय हलकी साखळी वेगळी. एकूण शक्यता अब्जावधींच्या घरात जातात. हे कापणारी कात्री बनवणारी दोन जनुकं ११ नंबरवर शेजारी शेजारी बसलेली आहेत.

पण जिथे रोज कात्री चालते, तिथे कधीतरी चुकीचा काप जाणारच. युगांडात काम करणारे सर्जन डेनिस बर्किट यांनी १९५८ साली लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या एका कॅन्सरचं वर्णन केलं. पुढे या पेशींची गुणसूत्रं तपासली तेव्हा एक खूण सारखी दिसू लागली. ८ नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा तुटून भलत्याच गुणसूत्राला चिकटलेला. बहुतेकदा १४ला. काही पेशंटमध्ये २ला. काहींमध्ये २२ला.

१४, २, २२. वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. अँटिबॉडीच्या जनुकांचे तिन्ही पत्ते!

१९८२ साली कोडं सुटलं. ८ नंबरवर पेशीला 'वाढ, वाढ' सांगणारं मिक नावाचं एक जनुक असतं. एरवी ते लगाम घालून ठेवलेलं असतं. तुटून ते अँटिबॉडीच्या जनुकाशेजारी येऊन पडलं, की बी पेशीत चोवीस तास चालू असलेल्या कारखान्याच्या दारात आल्यासारखं होतं. मग तेही चोवीस तास चालू. जनुक तेच, बिघाड फक्त पत्त्यात. पत्त्यांचा नकाशा तयार नसता, तर हा धागा कुणालाच जुळवता आला नसता.

सहा नंबरची आळी

आता मुख्य पत्त्यावर येऊ. पुण्यात तांबट आळी आहे, बुरुड आळी आहे. एका धंद्याची माणसं एका रांगेत. सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर तशीच एक आळी आहे. तिथल्या महत्त्वाच्या जनुकांना एचएलए म्हणतात. फ्रान्सचे डॉक्टर ज्यां दोसे यांना १९५८ साली त्यातली पहिली खूण सापडली. अनेकदा रक्त चढवलेल्या पेशंटच्या रक्तात परक्या पांढऱ्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, यावरून त्यांनी माग काढला. १९८० साली त्यांना नोबेल मिळालं. सत्तरच्या दशकात ही आळी ६ नंबरवर आहे हे पक्कं झालं आणि १९९९ साली ३६ लाख अक्षरांचा तो पूर्ण पट्टा वाचून काढण्यात आला. तिथे २२४ जनुकांच्या जागा मोजल्या गेल्या. त्यांतल्या चालू असलेल्या जनुकांपैकी सुमारे ४० टक्क्यांचा संबंध प्रतिकारशक्तीशी आहे.

एचएलएचं काम काय? पेशीच्या आत जे काही चाललंय त्याचे छोटे तुकडे बाहेर मांडून ठेवायचे. टी पेशी गस्त घालताना ते बघते. ओळखीचं असेल तर पुढे जाते. विषाणूचा तुकडा दिसला, तर पेशीच मारून टाकते. ताट तेच, मांडलेला पदार्थ वेगळा. पण ताटच परकं असेल, म्हणजे दुसऱ्या माणसाची पेशी असेल, तर टी पेशी अख्खा अवयवच परका समजून तुटून पडते. बोन मॅरोच्या बाबतीत तर उलटाही हल्ला होतो. नवा मॅरोच पेशंटच्या शरीरावर तुटून पडू शकतो. म्हणून जुळणी एवढी काटेकोर लागते.

अडचण अशी की माणसाच्या शरीरात या जनुकांइतकी विविधता क्वचितच कुठे असेल. त्यांचे ४० हजारांहून जास्त प्रकार आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये नोंदले गेले आहेत. एका जंतूने सगळ्या गावाला संपवू नये, म्हणून निसर्गाने प्रत्येकाला वेगळं ताट दिलं, असं समजा.

आता वहीचं मागचं पान काढा. एचएलएची जनुकं एकमेकांना खेटून असल्यामुळे ती सुटी सुटी वाटली जात नाहीत, अख्खा गठ्ठा एकदम मुलाकडे जातो. आईकडे दोन गठ्ठे आहेत, त्यांना क आणि ख म्हणू. बाबांकडे ग आणि घ. प्रत्येक मुलाला आईचा एक, बाबांचा एक. मग शक्यता किती? कग, कघ, खग, खघ. बस, चारच. तुम्ही कग असाल, तर तुमची बहीणही कग असण्याची शक्यता चारात एक. हेच ते २५ टक्के. आईबाबांकडून तुम्हाला एकेकच गठ्ठा मिळाला, म्हणून त्यांच्याशी जुळणी अर्धी. गठ्ठा मधूनच तुटून अदलाबदल होते, पण क्वचित.

आता हीच जनुकं एका आळीत नसती तर? ट्रान्सप्लान्टच्या वेळी साधारण पाच मुख्य एचएलए जनुकं तपासतात. ती पाच वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असती, तर प्रत्येकाची जुळणी चारात एक आणि पाचही जुळण्याची शक्यता चार गुणिले चार, असं पाचदा. उत्तर १०२४. म्हणजे सख्ख्या भावंडांतही हजारात एक! भावंडांकडून मॅरो मिळण्याची जी काही आशा आहे, ती केवळ ही जनुकं शेजारी शेजारी राहतात म्हणून.

बी२७ आलंय, घाबरू?

याच आळीतला एक पत्ता तुमच्या वयाच्या मुलामुलींच्या रिपोर्टवर कधीकधी येतो. एचएलए-बी२७. सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली, हालचाल केली की बरं वाटतं, आराम केला की उलट वाढतं, आणि हे तीन-तीन महिने चाललेलं. अशा वेळी डॉक्टर ही टेस्ट सांगतात, कारण अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या आजाराशी बी२७चा संबंध आहे. हे १९७३ साली लक्षात आलं. पण रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे आजार झाला, असं मुळीच नाही. बी२७ असलेल्या बहुतेकांना हा आजार आयुष्यभरात होत नाही. नेटवर वाचून रडत बसण्याऐवजी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला गाठा.

दुसरं उदाहरण औषधाचं. फिट्सवर दिलं जाणारं कार्बामाझेपिन हे औषध बहुतेकांना चालतं. पण एचएलए-बी १५:०२ हा प्रकार असलेल्या काही जणांची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. प्रसंगी जिवावर बेतण्याइतकी. २००४ साली तैवानच्या संशोधकांनी हा संबंध दाखवला. आशियाई वंशाच्या पेशंटमध्ये हे औषध सुरू करण्यापूर्वी हा प्रकार तपासावा, अशी सूचना पुढे आली ती त्यामुळे.

एक्सवरचा एक मुलगा

पत्ता माहीत नसण्याची किंमत काय असते, हे डेव्हिड व्हेटर या मुलाच्या आयुष्यात दिसतं. जन्म १९७१, अमेरिकेत टेक्सासमध्ये. त्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती जवळपास नव्हतीच. याच आजाराने त्याचा मोठा भाऊ आधी दगावला होता, त्यामुळे डेव्हिडला जन्मतःच निर्जंतुक प्लॅस्टिकच्या बुडबुड्यात ठेवलं गेलं. आईचा हात हातमोज्यातूनच लागायचा. उपाय होता बोन मॅरो. पण घरात बहिणीचा एचएलए जुळत नव्हता. वाट पाहण्यात बारा वर्षं गेली. अखेर १९८३ साली न जुळणारा मॅरोच देऊन पाहिला. त्यात बहिणीच्या शरीरात सुप्त असलेला एक विषाणू आला, त्यातून कॅन्सर झाला आणि १९८४च्या फेब्रुवारीत डेव्हिड गेला.

त्याच्यातलं बिघडलेलं जनुक एक्स गुणसूत्रावर नेमकं कोणतं, हे कळलं १९९३ साली. मुलग्यांकडे एक्स एकच, त्यामुळे त्यावरचं जनुक बिघडलं की पर्यायी प्रत नसते. मुलींकडे दुसरा एक्स असतो. म्हणून भाऊ आजारी आणि बहीण ठणठणीत.

पत्ता मिळाल्यावर दुरुस्तीचा प्रयत्न झाला. १९९९पासून पॅरिसमध्ये आलँ फिशर आणि मरिना काव्हाझाना यांच्या टीमने अशाच मुलांच्या मूलपेशी बाहेर काढून, विषाणूच्या पाठीवरून चांगलं जनुक आत सोडलं. मुलं बरी होऊन घरी गेली. जगभर टाळ्या झाल्या. मग काही वर्षांत त्यांतल्या काही मुलांना ल्युकेमिया झाला आणि एक मूल दगावलं. तपास केला तेव्हा दिसलं की, पोहोचवलेलं जनुक ११ नंबरवरच्या एलएमओ२ या जनुकाच्या दारात जाऊन बसलं होतं आणि त्याने ते जनुक नको तेव्हा चालू केलं. बर्किटच्या कॅन्सरचीच गोष्ट पुन्हा, फक्त या वेळी पत्ता चुकवला होता औषधानेच. नंतर वाहक विषाणूची रचना बदलली आणि पुढच्या चाचण्या जास्त सुरक्षित झाल्या.

हे सगळं परदेशातच चालतं असं समजू नका. मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. जन्मजात प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांच्या बिघडलेल्या जनुकांचा माग तिथे काढला जातो. पवईत आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून पेशंटच्याच टी पेशींत नवं जनुक घालून कॅन्सरशी लढवण्याचं तंत्र तयार झालं. त्याला २०२३ साली सरकारी मंजुरी मिळाली. लाइफ सायन्स, बायोटेक किंवा कॉम्प्युटर घेऊन 'पुढे काय' हा प्रश्न पडलेल्यांनी हे पत्तेही लिहून ठेवायला हरकत नाही.

आता तुमचा रोल

ज्यांच्या घरात कुणीच मॅच नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी अनोळखी डोनरची रजिस्ट्री असते. जगभर अशा रजिस्ट्रीत ४ कोटींहून जास्त लोकांची नावं आहेत. भारताचा आकडा अजून काही लाखांतच फिरतोय. आता अर्ध्या जुळणीवरही ट्रान्सप्लान्ट होतात आणि त्यांचे निकाल सुधारले आहेत, पण पूर्ण जुळणारा डोनर मिळाला तर डॉक्टरांसमोर पर्याय वाढतात.

'जगात ४ कोटी आहेत ना, मग झालं की!' असं म्हणाल, तर पुन्हा त्या गठ्ठ्यांकडे या. गठ्ठे पिढ्यान् पिढ्या अखंड चालत येतात. म्हणून एका प्रदेशात, एका समाजात काही ठरावीक गठ्ठे जास्त दिसतात. आपल्याकडे तर शतकानुशतकं लग्नं जातीतच आणि जवळपासच्या गावांतच झाली. त्यामुळे सोलापूरच्या किंवा सावंतवाडीच्या पेशंटचा गठ्ठा जर्मनीतल्या लाखो लोकांत न सापडता आपल्याच भागातल्या एखाद्यात सापडण्याची शक्यता जास्त. ल्युकेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, थॅलेसेमिया अशा आजारांचे पेशंट आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांच्यासाठी रजिस्ट्रीत नाव हवं ते आपल्याच लोकांचं.

नोंदणीला लागतं काय? वय १८ पूर्ण, तब्येत बरी आणि गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायला दोन मिनिटं. 'दात्री', 'डीकेएमएस' अशा संस्था कॉलेजांत शिबिरं घेतात, ऑनलाइनही नोंदणी करून घेतात. त्या काडीवरून तुमची सहा नंबरची आळी वाचली जाते आणि यादीत ठेवली जाते. बहुतेकांना कधीच फोन येत नाही.

आणि आला तर? 'मणक्यात सुई घालतात' ही अफवा आहे. बहुतेक वेळा पाच दिवस एक इंजेक्शन घ्यायचं, त्याने मूलपेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, पेशी वेगळ्या होतात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत. चार ते सहा तास लागतात. इंजेक्शनच्या दिवसांत अंगदुखी, डोकेदुखी होऊ शकते. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो घेतात. काही आठवड्यांत शरीर भरपाई करतं.

मात्र मित्र नाव देतोय म्हणून किंवा सर्टिफिकेट मिळतंय म्हणून नोंदणी करणार असाल, तर करू नका. कारण मॅच सापडल्यावर पेशंटला आधी जबर केमो देऊन त्याचा स्वतःचा मॅरो पूर्ण नष्ट करतात. त्या टप्प्यावर डोनरने 'घरचे नाही म्हणतायत' म्हणून पाय मागे घेतला, तर पेशंटकडे ना जुना मॅरो उरतो, ना नवा मिळतो. आपल्याकडे घरच्यांच्या भीतीपायी डोनर मागे फिरतात, हे वास्तव आहे. म्हणून काडी गालात फिरवण्याआधी घरी बोला. आईला हे वर लिहिलेलं सगळं समजावून सांगा. तिला पटलं नाही तर पुन्हा सांगा. शंका असेल तर संस्थेच्या डॉक्टरांशी तिचं बोलणं करून द्या. 'नको' म्हणायचं असेल तर ते आताच म्हणा, त्यात काही कमीपणा नाही. आणि 'हो' म्हणालात, तर मोबाइल नंबर बदलल्यावर बँकेला कळवता तसा रजिस्ट्रीलाही कळवा. एचएलए जुळला, पण डोनरचा पत्ताच सापडला नाही, असं व्हायला नको.